निवळलेले पाणी आणि निर्दोष पाणी

सह्याद्रीच्या पायवाटांवर दोन-चार दिवस चालत जाणाऱ्यांची संख्या गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पुष्कळ वाढली आहे. पूर्वी गिर्यारोहण मंडळांपुरता मर्यादित असलेला हा छंद आता कार्यालये, महाविद्यालये आणि कुटुंबे यांच्यापर्यंत पोहोचला आहे. स्वास्थ्याच्या दृष्टीने ही गोष्ट स्वागतार्हच आहे. या मंडळींपैकी अनेकजण निघण्यापूर्वी आपल्यासारख्या वैद्यांकडे येतात आणि एक प्रश्न हमखास विचारतात : डोंगरात तीन-चार दिवस पुरेल एवढे पाणी पाठीवर नेता येत नाही, मग वाटेतले पाणी कसे प्यावे? आयुर्वेदात यावर काही सोपा उपाय आहे का?

आमचे उत्तर अनेक वर्षे तयार होते. पाणी चौपदरी स्वच्छ वस्त्रातून गाळावे, त्यात निवळीचे बी उगाळून घालावे, तुळशीची चार पाने टाकावीत आणि तांब्याच्या बाटलीत भरून न्यावे. ऐकणाऱ्याला हे उत्तर आवडत असे, कारण त्यात रसायनांचा वास नाही, खर्च नाही आणि परंपरेचा आधार आहे. आम्हालाही ते सांगताना समाधान वाटत असे. हे उत्तर आम्ही आज जाहीरपणे मागे घेत आहोत. ते चुकले, यात शास्त्राचा दोष नव्हता. दोष आमच्या अर्धवट वाचनाचा होता, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वी डिसेंबर महिन्यात आम्ही आठजण रतनवाडीहून रतनगडावर जाऊन पुढे कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई या मार्गाने हरिश्चंद्रगडापर्यंत चालत गेलो. सोबत आमचे एक स्नेही वैद्य, तीन मित्र आणि आंतरवासिता करणारे तीन विद्यार्थी होते. औषधांची पेटी आमच्याकडे होती; पाण्याची व्यवस्थाही साहजिकच आमच्याकडेच आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी जवळचे पाणी संपले. वाटेत एक ओढा लागला. धार बारीक होती, पाणी किंचित गढूळ होते. आम्ही ते पातेल्यात भरून घेतले, पंचातून गाळले, निवळीचे बी पातेल्याच्या आतील अंगास घासले आणि सर्वांना तासभर विसावा घेण्यास सांगितले. तासाभराने गाळ तळाशी बसला, वरचे पाणी आरशासारखे झाले. विद्यार्थ्यांना हे प्रात्यक्षिक फार आवडले. त्यांपैकी एकाने मात्र विचारले, "सर, एकदा उकळून घ्यायचे का? स्टोव्ह आहे आपल्याकडे."

आम्ही म्हणालो, "निवळी फिरवली आहे. आता उकळायची काय गरज?"

त्याने पाणी प्यायले. आम्हीही प्यायलो. परतल्यावर सुमारे पाच आठवड्यांनी त्या विद्यार्थ्याला ज्वर, अरुची, हृल्लास अशी लक्षणे सुरू झाली आणि चार दिवसांत डोळे पिवळे झाले. त्याच आठवड्यात आमच्या एका मित्रालाही कावीळ झाली. दोघेही पुढे बरे झाले. परंतु त्या मुलाचे दोन महिने अंथरुणात गेले आणि त्याची आंतरवासिता लांबली. आम्ही त्याला पाहण्यास घरी गेलो, तेव्हा त्याच्या आईने कोणताही आरोप केला नाही. त्या एवढेच म्हणाल्या, "तुमच्याबरोबर गेला होता म्हणून आम्ही निर्धास्त होतो."

काविळीचे कारण तो ओढाच होता, हे न्यायालयात सिद्ध करता येणार नाही. पण पुढे चालत गेलेल्या एका मित्राने सांगितले, की त्या ओढ्याच्या वरच्या अंगास, वळणापलीकडे, मुक्कामाची एक नेहमीची जागा होती. आम्ही ती पाहिलीच नव्हती. आणि मुख्य म्हणजे, उकळण्याची साधने हाताशी असताना आणि प्रश्न विचारला गेला असताना आम्ही वैद्य म्हणून दिलेले उत्तर चुकीचे होते. त्या उत्तराला आमच्या पदवीचे वजन होते, म्हणूनच ते धोक्याचे ठरले.

शास्त्र नेमके काय सांगते?

घरी आल्यावर आम्ही सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील पंचेचाळिसावा अध्याय पुन्हा वाचला. पदवीच्या अभ्यासात तो वाचला होता; परंतु परीक्षेपुरता. या वेळी त्यातील विवेचनाचा क्रम लक्षपूर्वक पाहिला आणि मान खाली गेली.

सुश्रुतांनी दूषित जलाचे दोष सहा प्रकारचे सांगितले आहेत : स्पर्शदोष, रूपदोष, रसदोष, गंधदोष, वीर्यदोष आणि विपाकदोष. पाणी खरखरीत वा बुळबुळीत लागणे हा स्पर्शाचा दोष. चिखल, वाळू, शेवाळ यांनी रंग पालटणे हा रूपाचा. पाण्याला स्पष्ट चव असणे हा रसाचा आणि नकोसा वास येणे हा गंधाचा. हे चार दोष डोळे, नाक, जीभ आणि त्वचा यांना कळतात. उरलेले दोन मात्र तसे कळत नाहीत. जे पाणी प्यायल्यावर तृष्णा, गौरव, शूल, कफप्रसेक उत्पन्न करते, त्यात वीर्यदोष; जे उशिरा पचते किंवा विष्टंभ करते, त्यात विपाकदोष. म्हणजे या दोन दोषांचे ज्ञान पाणी पोटात गेल्यानंतरच होते.

दिसायला, हुंगायला आणि चवीला निर्दोष असलेले पाणीही सदोष असू शकते, ही गोष्ट या वर्गीकरणातच मान्य केलेली आहे. सुश्रुतांना विषाणू ठाऊक होते असा दावा करण्याची येथे गरज नाही आणि तसा दावा करूही नये. इंद्रियांची परीक्षा जेथे संपते तेथून पुढेही दोष असू शकतो, एवढे त्यांनी नि:संदिग्धपणे नोंदवले आहे. आम्ही मात्र आरशासारखे पाणी पाहून निश्चिंत झालो.

आता उपायांकडे पाहू. त्याच अध्यायात कलुष, म्हणजे गढूळ, पाणी निवळण्याची सात द्रव्ये दिली आहेत : कतक म्हणजे आपली निवळी, गोमेद, कमळाचा कंद, शेवाळाचे मूळ, वस्त्र, मोती आणि स्फटिकादी मणी. हे झाले प्रसादन. व्यापन्न म्हणजे बिघडलेल्या पाण्यासाठी सांगितलेले उपाय निराळे आहेत : अग्नीवर उकळणे, सूर्याच्या उन्हात तापवणे, तापलेला लोखंडाचा गोळा, वाळू किंवा ढेकूळ पाण्यात विझवणे. त्यांच्या जोडीला प्रसादन करावे आणि नागकेशर, चाफा, कमळ, पाटला यांच्या फुलांनी पाणी सुवासिक करावे, असेही म्हटले आहे. निवळणे व सुवासिक करणे ही कर्मे अग्नी आणि सूर्य यांच्या सोबतीने सांगितली आहेत, त्यांच्याऐवजी नव्हेत. आम्ही सोबतीची कर्मे ठेवली आणि मुख्य कर्म गाळले.

अष्टांगहृदयातील ऋतुचर्याही या संदर्भात पाहण्यासारखी आहे. वर्षा ऋतूत नदीचे पाणी वर्ज्य सांगितले असून आकाशातून पडलेले, विहिरीचे किंवा उकळलेले पाणी प्यावे असा आदेश आहे. आज सह्याद्रीत सर्वाधिक गर्दी पावसाळ्यातच होते आणि वाहते पाणी शुद्ध असते या समजुतीने हजारो तरुण ओढ्या-धबधब्यांचे पाणी ओंजळीने पितात. सुश्रुतांनी तर पावसाळ्यातील नव्या पाण्यात कृमिकीटक, मल, मूत्र, कुजलेली प्रेते, गवत व पाने यांचा संसर्ग होतो आणि ते पिणाऱ्यास व त्यात स्नान करणाऱ्यास आभ्यंतर व बाह्य रोग होतात, असे स्पष्ट बजावले आहे.

निवळीचे खरे स्थान

तर मग निवळी, वस्त्र, तांबे हे सर्व निरर्थक का? मुळीच नाही. प्रत्येकाचे कार्य किती, हे मात्र नेमके ठाऊक हवे.

वस्त्राचे उदाहरण घेऊ. आपल्या ग्रामीण भागात पायविहिरींच्या पाण्यातून नारूचा रोग होत असे. नारूचा अंकुर ज्या सूक्ष्म जलकीटकात राहतो, तो कीटक दाट वस्त्रात अडकतो. त्यामुळे गाळण्याच्या साध्या कृतीला नारूनिर्मूलनात मोठे स्थान मिळाले आणि सन २००० मध्ये भारत नारूमुक्त घोषित झाला. बांगलादेशात जुन्या सुती साडीच्या अनेक पदरी घडीतून पाणी गाळण्याचा प्रयोग झाला. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पटकीचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटले, कारण पटकीचे जंतू पाण्यातील सूक्ष्म जीवांना चिकटून राहतात. हे यश मोठे आहे. परंतु काविळीचे विषाणू वस्त्राच्या छिद्रांपुढे इतके सूक्ष्म आहेत, की त्यांना वस्त्र असून नसल्यासारखेच.

तांब्याचेही तसेच आहे. तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवलेल्या पाण्यातील अतिसारकारक जिवाणू नष्ट होतात, असे बंगळुरूच्या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केले. घरात रात्रभर पाणी भरून ठेवणाऱ्या कुटुंबाला याचा उपयोग आहे. सकाळी दहाला बाटली भरून साडेदहाला ती रिकामी करणाऱ्या वाटसरूला नाही.

निवळीचे स्थान याहून महत्त्वाचे आहे, फक्त ते शेवटचे नसून पहिले आहे. गढूळ पाण्यात क्लोरीनची गोळी टाकली, तर क्लोरीनचा बराच भाग त्या गाळावरच खर्च होतो आणि जंतूंसाठी थोडाच उरतो. गढूळ पाण्यात ऊनही खोलवर पोहोचत नाही. म्हणून आधी निवळावे, मग शुद्ध करावे. प्रसादन आणि क्वथन हे दोन शब्द शास्त्राने वेगळे ठेवले, ते व्यवहारातही वेगळे आणि याच क्रमाने ठेवले पाहिजेत.

सूर्यतापाबद्दलही थोडे सांगितले पाहिजे. स्वच्छ, पारदर्शक प्लास्टिकच्या बाटलीत निवळ पाणी भरून कडक उन्हात सहा तास आडवे ठेवले असता ते पिण्यायोग्य होते, हे स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी १९९१ पासून केलेल्या कार्यामुळे सर्वमान्य झाले आहे. आभाळ भरलेले असेल तर दोन दिवस लागतात. सतत पावसात ही पद्धत निरुपयोगी. डोंगरात मुक्कामाच्या दिवशी तिचा उपयोग होऊ शकतो.

काही आक्षेप

हे विचार आम्ही वैद्यमित्रांपुढे मांडले, तेव्हा काही आक्षेप आले. ते प्रामाणिक आहेत, म्हणून त्यांचा विचार केला पाहिजे.

पहिला आक्षेप असा, की डोंगरातील ग्रामस्थ पिढ्यान्‌पिढ्या तेच पाणी पितात, त्यांना काही होत नाही. हे खरे नाही. पावसाळ्याच्या आरंभी डोंगरी वाड्या-पाड्यांतून अतिसाराचे किती रुग्ण येतात, हे त्या भागात काम केलेल्या कोणत्याही वैद्याने सांगावे. काही रोग बालपणीच होऊन गेल्यामुळे मोठ्या माणसांना त्यांचे बळ प्राप्त झालेले असते. शहरात वाढलेल्या तरुणाला ते नसते. शिवाय त्या वाडीतील माता हंडाभर पाण्यासाठी उन्हाळ्यात दोन-दोन कोस चालते, ती आवड म्हणून नव्हे. तिच्या अगतिकतेला आपण पुरावा मानू नये.

दुसरा आक्षेप : उकळलेले पाणी निर्जीव होते. आपल्या ग्रंथांत याला कोठेही आधार नाही. उकळून निववलेले पाणी लघु आणि अनभिष्यंदी म्हणून प्रशंसिलेले आहे. ते शिळे झाल्यावर त्रिदोषकर होते असे सांगितले आहे. म्हणून उकळलेले पाणी त्या त्या दिवशीच संपवावे. अर्धे, चतुर्थांश उरेपर्यंत आटवणे हे औषधी प्रयोजनासाठी आहे. वाटेवर इंधन मोजके असते. तेथे पाणी खळखळून उकळले की कार्य झाले. समुद्रसपाटीजवळ एक मिनिट पुरते. १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईच्या माथ्यावर पाणी सुमारे ९५ अंशांनाच उकळते, तरीही तेवढी उष्णता पुरेशी आहे, कारण ७० अंशांच्या पुढेच रोगकारक जीव वेगाने मरू लागतात.

तिसरा आक्षेप क्लोरीनविषयी आहे : हे आपले द्रव्य नव्हे. आम्हाला हा आक्षेप समजतो, पण पटत नाही. स्वस्थवृत्ताच्या प्रात्यक्षिकात आपण सर्वांनीच हॉरॉक्सच्या उपकरणाने विहिरीस लागणारी ब्लीचिंग पावडर मोजली आहे. वही तपासून घेतल्यावर आपण ते विसरलो, एवढेच. कळसूबाई-हरिश्चंद्रगड परिसर अभयारण्य आहे. तेथे दहा माणसांचे पाणी उकळण्यासाठी झाडे तोडणे हा अपराधच आहे. स्टोव्ह नसेल तर गोळी हाच मार्ग. वेष्टनावर लिहिल्याप्रमाणे गोळी घालून किमान अर्धा तास थांबावे. क्लोरीनलाही मर्यादा आहेत. काही परोपजीवी त्याला दाद देत नाहीत. १९५५-५६ साली दिल्लीच्या पाणीपुरवठ्यात सांडपाणी मिसळले, तेव्हा तुरटी व क्लोरीन वापरूनही सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली होती. बाजारात मिळणाऱ्या हातगाळण्याही बहुधा जिवाणू अडवतात, विषाणू नव्हे. म्हणून उपाय निवडण्याची संधी असेल तेव्हा अग्नी हाच पहिला. गर्भवती स्त्रियांच्या बाबतीत तर तडजोड नकोच, कारण दूषित पाण्यातून होणारी 'ई' प्रकारची कावीळ त्यांच्या जिवावर बेतू शकते.

वाटसरूंना काय सांगावे?

आता आमच्याकडे येणाऱ्यांना आम्ही पुढीलप्रमाणे सांगतो. कोणत्या महिन्यात कोठे पाणी असते, हे निघण्यापूर्वी पायथ्याच्या ग्रामस्थांना किंवा गुराख्यांना विचारावे. डिसेंबरात वाहणारा ओढा मार्चमध्ये कोरडा असतो. वस्ती, गोठे आणि मुक्कामाच्या जागा यांच्या वरच्या अंगाचे पाणी घ्यावे. कातळातून थेट पाझरणारा झरा किंवा कातळात कोरलेले झाकलेले खांबटाके हे उघड्या डबक्यापेक्षा बरे. मात्र कोणत्याही स्रोताचे पाणी न उकळता पिऊ नये. मुक्कामाच्या ठिकाणी रात्री पाणी उकळून झाकून ठेवावे व सकाळी बाटल्या भरून दुपारपर्यंत संपवावे. चालताना वेळ आलीच तर वस्त्राने गाळून गोळी घालावी. गावात थांबल्यास पाण्याऐवजी चहा मागावा. तो उकळलेला असतो आणि यजमानालाही देताना आनंद होतो. अतिसार झाल्यास जलसंजीवनी सुरू करावी, आणि डोळे किंवा लघवी पिवळी दिसल्यास काही आठवड्यांपूर्वीच्या प्रवासाची माहिती वैद्यास अवश्य द्यावी.

आणखी एक गोष्ट आम्ही आवर्जून सांगतो. ही टाकी कोणीतरी आपल्यासाठी कोरून ठेवली आहेत. सातवाहनकालीन नाणेघाटात वाटसरूंसाठी पाण्याची टाकी आहेत; जुन्नर आणि कान्हेरीच्या शिलालेखांत पाण्याच्या पोढीचे दान नोंदलेले आहे; नाशिकच्या पांडवलेण्यातील लेखात उषवदाताने नद्यांच्या काठी विश्रामस्थाने आणि पाणपोया उभारल्याचा उल्लेख आहे. दोन हजार वर्षांपूर्वी ज्यांनी अनोळखी पांथस्थासाठी कातळ फोडला, त्यांच्या टाक्यात आज आपण भांडी विसळतो आणि वरच्या उतारावर शौचास बसतो. पाण्यापासून किमान २०० फूट दूर आणि टाक्याच्या वरच्या अंगास कधीही नाही, हा नियम प्रत्येक गटाच्या म्होरक्याने पाळून घेतला पाहिजे. पुढच्या गटाचे पाणी आपण बिघडवायचे आणि मग त्यांना शुद्धीकरणाचे उपाय सांगायचे, ही कसली स्वास्थ्यरक्षा?

संघटनेस विनंती

आपली संघटना दरवर्षी शिबिरे भरवते, पत्रके वाटते, औषधपेट्या देते. आषाढीच्या वारीत आपले अनेक सभासद पालखीमार्गावर सेवा देतात; तेथेही लाखो पांथस्थांच्या पाण्याचा प्रश्न हाच आहे. आमची विनंती एवढीच, की आपल्या प्रत्येक पत्रकात पाण्याविषयी लिहिताना निवळणे आणि निर्दोष करणे हे दोन परिच्छेद वेगळे असावेत. निवळीच्या पुडीसोबत 'यानंतर पाणी उकळून प्यावे' ही ओळ छापलेली असावी. औषधपेटीत क्लोरीनच्या गोळ्या संकोच न करता ठेवाव्यात. यामुळे आयुर्वेद कमी ठरत नाही. आपल्या शब्दावर विश्वासून पाणी पिणाऱ्याला कावीळ झाली, तर मात्र तो निश्चित कमी ठरतो.

तो विद्यार्थी आज एका तालुक्याच्या गावी स्वतंत्र व्यवसाय करतो. मागील वर्षी त्याच्या चिकित्सालयात गेलो असता भिंतीवर त्याने स्वत: लिहिलेला एक फलक दिसला. त्यावर पाण्याबाबतच्या सूचना क्रमाने होत्या : गाळा, निवळा, उकळा, झाकून ठेवा. तिसरा शब्द मोठ्या अक्षरांत होता. आमच्याकडे पाहून तो हसला. आम्ही काही बोललो नाही.

वैद्यबंधू-भगिनींनी या विषयावरील आपले अनुभव, विशेषत: आपल्या उपायांच्या मर्यादा दाखवून देणारे, त्रैमासिकाकडे अवश्य पाठवावेत.